धोंड्याच्या महिन्यात उपाशी जावई

मी उपाशी राहू शकत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कुणी थोर समजायला नको. एकादशीला आमच्या घरी सगळे उपवास करतात आणि मी सगळ्यांपेक्षा जास्त खातो. साबुदाण्याची खिचडी, वर भगर, शेंगदाण्याची आमटी, मधेच बटाट्याचे वेफर. दुपारी एकच्या आत ताट समोर आलं नाही तर माझं डोकं दुखतं, दीडला चिडचिड होते आणि दोनला मी अन्याय झालेल्या माणसासारखा गप्प होतो.

अशा माणसानं अहिंसक लढ्यावर भाषणं द्यावीत हा विनोदच आहे, पण मी देतो. सावेडीतल्या एका शाळेत मी इतिहास शिकवतो. पंधरा ऑगस्ट असो की सव्वीस जानेवारी, माईक फिरून फिरून माझ्याच हातात येतो. ‘सत्याग्रही माणूस स्वतःच्या शरीराचंच शस्त्र करतो’ हे माझं वाक्य ठरलेलं. ते आलं की मागच्या रांगेतली मुलंसुद्धा सावरून बसतात. त्या वाक्यानंतर बिस्किटं वाटतात, हेही त्याचं कारण असू शकेल.

तर मागच्या अधिक महिन्यातली गोष्ट. अधिक महिना म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करायचे, ताटात अनारसे ठेवायचे, जावयाला कपडे करायचे. सासूनं आग्रह करायचा, जावयानं ‘नको नको’ म्हणत खायचं. माझं ‘नको’ इतकं हळू असतं की ते आजवर कुणाला ऐकू गेलेलं नाही.

माझी सासुरवाडी प्रवरेच्या काठाला, कोल्हारपासून जवळच. उसाचं गाव. त्याच गावचे एक सर आमच्या शाळेत गणित शिकवतात. ते तिथल्या बौद्ध वस्तीतले, माझी बायको बागायतदाराची लेक. पण गावची लेक ती गावातल्या सगळ्यांची बहीण, या नात्यानं सर मला ‘दाजी’ म्हणतात आणि दाजीची जेवढी थट्टा करता येते तेवढी स्टाफरूममध्ये करतात. त्या दिवशी मात्र ते गंभीर होते.

“दाजी, आमच्या वस्तीचं साखळी उपोषण चाललंय गावात. स्मशानभूमीचा रस्ता अडवलाय, तो खुला करा म्हणून. रविवारी याल का?”

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं, की रस्ता अडवला कुणी? मी विचारलं, “माईक आहे का?”

“आहे. पण दाजी, तुम्ही खरंच बसाल?”

“सर, अशा वेळी बसायचं नाही तर कधी बसायचं?”

सरांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले. माझ्या वाक्यात ताकदच तशी आहे, असं मला वाटलं.

त्याच रविवारी आमचे धोंडे ठरले होते. बायको आईला मदत करायला आदल्या दिवशीच गेली होती. मी मनात सगळं छान बसवलं. अकराला भाषण, मग फोटो, बाराला सासुरवाडी, साडेबाराला ताट. धोंड्यांना पोटात जागा हवी म्हणून सकाळी नुसता चहा घेतला आणि एसटीत बसलो. कंडक्टरनं सुट्ट्या पैशांवरून एकाशी वाद घातला, तेव्हा मी त्याला शांततेचं महत्त्व सांगितलं. माझा मूड इतका चांगला होता.

गावात पोचलो तर रस्त्याच्या कडेला मांडव. खाली सतरंज्या, एक पाण्याचा जार, मागं ‘स्मशानभूमीचा रस्ता खुला करा’ असा फलक. त्याच्यामागं तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडं डोक्याएवढा ऊस. सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसलेली. पुढं प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बाई. ती सरांची आई.

“आई, हे आपले जावई.”

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर पोटाशी जरा थांबली. “हेच व्हय? दम काढत्याल का दिवसभर?”

“दिवसभर?” मी म्हणालो.

सरांनी बाजूच्या फळ्याकडं बोट दाखवलं. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘आजचे उपोषणकर्ते : गावचे जावई’.

मग मला कळलं की साखळी उपोषण म्हणजे पाहुण्यानं भेट द्यायची गोष्ट नसते. रोज एकाची पाळी असते. सकाळपासून सहापर्यंत त्यानं अन्न घ्यायचं नाही आणि मांडव सोडायचा नाही, दुसऱ्या दिवशी दुसरा. मधे एक जरी उठला तर साखळी तुटली, आणि साखळी तुटली की तहसील कचेरी ‘उपोषण मागे घेतले’ म्हणून मोकळी.

“सर, माझ्याऐवजी कुणी बदली...”

“सगळे न्याहारी करून आलेत, दाजी. आज तुमचा मान ना!”

मी सतरंजीवर मांडी घातली. म्हातारीनं मला रस्त्याची हकिकत सांगितली. नदीकाठी वस्तीची स्मशानभूमी आहे. तिथं जायची गाडीवाट या उसातून होती. गावच्या नकाशात आजही आहे. ती बंद झाल्यावर ओढ्यातून जावं लागतं. तिच्या नवऱ्याला नेलं तेव्हा ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होतं. खांदेकऱ्यांतल्या एकाचा पाय घसरला आणि तिरडी पाण्यात टेकली.

“नवं धोतर नेसवलं हुतं,” ती म्हणाली. “सगळं भिजलं.”

मग लगेच स्वतःच विषय पुढं ढकलला. “मला डॉक्टर म्हनला, काळीज मोठं झालंय. म्हनलं, ते आदीपासूनच हाय. आता कवा बोलावनं यील सांगता येत न्हाई. मी पोराला सांगितलंय, मला पान्यातनं न्यायचं न्हाई. माज्या वाटनं न्यायचं.”

एवढं ऐकल्यावर माझ्या अंगात काय संचारलं विचारू नका. अकरा वाजले, माईक हातात आला आणि मी सुटलो. शरीराचं शस्त्र वगैरे झालं. मग मी कुंपणाकडं हात करून गरजलो, “ज्यानं मेलेल्या माणसाची वाट अडवली तो माणूस नव्हे, बांडगूळ आहे! त्याच्या उसातून कडू रस निघेल! असा माणूस घरी जाऊन लेकीबाळींना तोंड तरी काय दाखवत असेल?”

टाळ्या आल्या नाहीत. काही जण खाली बघत होते. एका म्हाताऱ्याला खोकला आला आणि तो थांबेना. मला वाटलं, भाषण काळजाला भिडलं.

“दाजी, बास,” सर कुजबुजले.

“का?”

“मागं बघा.”

मागं माझे सासरे मोटारसायकलपाशी उभे होते. पांढरा शर्ट, टोपी, चेहरा शांत. जावयाला जेवायला न्यायला आले होते.

“मामा इथं कसे?” मी सरांना विचारलं.

“कसे म्हणजे? रस्ता त्यांनीच अडवलाय ना!”

“तुम्ही सांगितलं नाहीत!”

“मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर सगळ्या शाळेला सांगत सुटलो होतो, की दाजी सख्ख्या सासऱ्यापुढं बसतायत.”

आता यावर वाचक विचारतील, की लग्नाला इतकी वर्षं झाली आणि सासऱ्याचं शेत ओळखू येत नाही? नाही येत. सासुरवाडीत मी गादी, पंखा आणि ताट यांच्या पलीकडं कधी गेलो नव्हतो. सासरे हौसेनं ऊस दाखवायला न्यायचे तेव्हा मी सावली शोधायचो. शिवाय ऊस सगळीकडं सारखाच दिसतो.

सासरे पुढं आले. ते गावाचे तात्या, माझे मामा, बायकोचे दादा. आवाज चढवणं त्यांना कमीपणाचं वाटतं. “झालं का भाषन?” ते म्हणाले. “चला पाहुनं. ताट वाढलंय.”

खरं सांगतो, मी उठलो. साखळी, फळा, म्हातारी सगळं विसरून उठलो. म्हणजे उठायला गेलो. पण इतका वेळ मांडी घालून बसायची सवय नाही, दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. अर्धा उठलो आणि होतो तिथंच धप्पकन बसलो.

लोकांना वाटलं, जावयानं विचार करून बैठक मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषणाला न मिळालेल्या टाळ्या माझ्या बधिर पायांना मिळाल्या. आता त्या टाळ्यांमधून परत उठणं अगदी माझ्यासारख्यालाही शक्य नव्हतं.

“मामा,” मी म्हणालो, “सहापर्यंत जमायचं नाही.”

सासऱ्यांनी मला एकदा पाहिलं, फळ्याकडं पाहिलं, “बरं” म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले. त्या ‘बरं’चा अर्थ लावत मी घटकाभर बसलो.

म्हातारीनं मला जवळ बोलावलं. “जावई, एक सांगू का? ते बांडगूळ आन कडू रस परत न्हाई म्हनायचं.”

“मावशी, ओघात आलं.”

“आमच्या पोरांला शिव्या येत न्हाईत व्हय? लई येत्यात. दाबून बसवलीत मी. ही तार तोडायला कितीसा वेळ लागतो? पर हात लावू दिला न्हाई. तात्याच्या उसात गाय शिरली, तर हीच पोरं हाकून काढत्यात. आपलं भांडान तारंशी हाय. मानसाशी न्हाई, उसाशी तर न्हाईच न्हाई.”

मी मान डोलावली. त्या मांडवात इतके दिवस कुणी वेडावाकडा शब्द बोललं नव्हतं. नगरहून एसटीनं येऊन अहिंसा मोडणारा मी पहिलाच.

एक वाजला. डोकं दुखायला लागलं. दीडला एका पोराच्या मोबाईलची रिंग वाजली तर मला त्याचा राग आला. वाऱ्याबरोबर कुठूनतरी लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वासाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तेवढ्यात बायको स्कूटीवरून आली. तिनं स्कूटी लावली ती पद्धत बघूनच सरांनी जागा बदलली.

“अहो, काय करून बसलात हे?”

“घरी काय चाललंय?”

“घरी? घरी सगळे उपाशी आहेत! दादा आले, म्हणाले मला वाढ. आई म्हणाली, धोंड्याच्या दिवशी जावई जेवल्याबिगर ह्या घरात घास उतरत न्हाई, ती रीत हाय. सगळं झाकून ठेवलं आणि ओट्यापाशी पाट मांडून बसली.”

“चिडलीय का?”

“चिडली असती तर बरं झालं असतं. दादा म्हणाले, कसली रीत, पोटात कावळे ओरडायलेत. तर म्हणाली, मी काय केलं? मी आपली रीत पाळते.”

माझी सासू फार बोलत नाही. तिच्या तोंडून सलग चार वाक्यं मी कधी ऐकलेली नाहीत. पण त्या दिवशी मला कळलं की सत्याग्रहाला माझ्यासारख्या वाक्यांची गरजच नसते. मी मांडवात चुकून उपाशी बसलो होतो. ती स्वयंपाकघरात समजून उमजून बसली होती, आणि तिच्यापुढं धोंड्यांचं पातेलं होतं.

“आणि तुमचं भाषण मला मोबाईलवर आलंय,” बायको म्हणाली. “लेकीबाळींना तोंड काय दाखवतो म्हणे.”

“ओघात...”

“बरोबर बोललात,” ती म्हणाली. “मी आईला दाखवलं. पण आवाज फार चढतो तुमचा.” आणि पदर खोचून माझ्याशेजारी सतरंजीवर बसली.

पुढची बातमी मोटारसायकलवरून ये-जा करणाऱ्या पोरांनी आणली. सासरे घरातून निघाले ते हमरस्त्यावरच्या हॉटेलात गेले. मिसळ सांगितली. हॉटेलवाल्यानं फडकं खांद्यावर टाकत अगदी आदरानं विचारलं, “तात्या, जावई जेवलं का?” सासरे मिसळ न खाताच उठले. पानाच्या टपरीवर गेले तर टपरीवाला म्हणाला, “जावई जेवलं का?” सोसायटीच्या ओट्यावर म्हातारी माणसं पत्ते खेळत होती. त्यांनी पानांवरून नजरसुद्धा उचलली नाही, “या तात्या. जावई जेवलं का?” वाटेत एका शाळकरी पोरीनं विचारलं, तिला बहुतेक कुणी शिकवून ठेवलं असावं. एकानंही रस्त्याचं नाव काढलं नाही. सगळ्या गावाला एकदम माझ्या पोटाची काळजी लागली होती.

पोरं सांगत होती आणि मांडवात हसू दाबलं जात होतं. म्हातारी मात्र हसली नाही. “त्येंला साखर हाय,” ती म्हणाली. “गोळी घेतली आसंल सकाळी.”

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. माझ्याही लक्षात आलं. सासऱ्यांनी आयुष्यभर ऊस लावला, कारखान्याला घातला आणि त्यातली थोडी साखर स्वतःच्या रक्तात ठेवून घेतली. गोळी घेऊन उपाशी फिरणं त्यांना बाधलं असतं. बायको उठलीच होती, तेवढ्यात मोटारसायकल मांडवासमोर येऊन थांबली.

सासरे तावातावानं उतरले. त्यांना आवाज चढवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. “हे काय चालवलंय? माज्याच घरात मला...” एवढं बोलले आणि मांडवाचा बांबू धरला. कपाळावर घाम, हात थरथरत होते.

म्हातारी खुर्चीतून ओरडली, “धरा रे त्येंला! खाली बसवा!”

मी आणि सरांनी त्यांना धरून सतरंजीवर टेकवलं. म्हातारीनं सुनेला हाक मारली. पलीकडच्या घरातून साखरेचं पाणी आलं. तिनं पेला स्वतः त्यांच्या हातात दिला. सासऱ्यांनी पेल्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. त्या घरचं पाणी ते कधी प्यायले होते की नाही, मला माहीत नाही.

“प्या आदी,” म्हातारी म्हणाली. “भांडान कुटं पळून जात न्हाई.”

ते प्यायले. मग तिनं भाकरीचा तुकडा आणि पिठलं पुढं केलं, तेही हळूहळू खाल्लं. रंग परत आला. सासूबाई तोवर चालत येऊन मांडवाच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

आता दृश्य असं होतं : वर फलक, ‘रस्ता खुला करा’. खाली सतरंजीवर, अगदी मधोमध, रस्ता अडवणारे सासरे. शेजारी त्यांचा जावई, दुसऱ्या बाजूला त्यांची लेक. एका पोरानं फोटो काढला. सासऱ्यांनी वर बघितलं, फलक वाचला आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. ते हसले तसा सगळा मांडव हसला. काही वेळ कोण कुणाच्या विरोधात बसलंय तेच कळेना.

हसू ओसरल्यावर ते म्हातारीला म्हणाले, “मावशे, मी काय वाईट मानूस हाय का? ठिबकच्या नळ्या तुडवल्या जायच्या, म्हनून तार मारली. तोंडानं सांगितलं असतं तर बघितलं असतं. तुमी थेट अर्ज केला. डोक्यात गेलं माज्या.”

“आमी दोनदा सांगितलं, तात्या. तुमी बघू म्हनाला.”

सासऱ्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, “बरं, आता ऐक. तुजी वेळ आली की मी स्वता येऊन तार काडीन. वाजत गाजत न्यायचं तुला. हा माजा शब्द.”

मी ताडकन उभा राहिलो. या वेळी पायांनी साथ दिली, हे दुर्दैव. माईक उचलला आणि म्हणालो, “बंधू-भगिनींनो, हा अहिंसेचा विजय आहे! मोठ्या मनानं दिलेल्या या शब्दाबद्दल...”

“जावई,” म्हातारी म्हणाली, “बसा खाली.”

मी बसलो.

“तात्या, तुमी शब्द देताय, तुमचं मन मोटं हाय. पर माज्यापुरता रस्ता मला नको. मी मागितला आन तुमी दिला, की तो तुमचा झाला. उद्या माज्या सुनंनं कुनाला मागायचा? तिच्या पोरीनं कुनाला? मला तुमचा रस्ता नको. गावाचा हाय तो, गावाचाच पायजे.”

“आन मी न्हाई म्हनलं तर?”

“तर उद्या सून बसंल. परवा दुसरं कोन बसंल. तुमी येता-जाता पानी पिऊन जावा.”

“आन मदीच तू गेलीस मंजी?”

“मंजी थांबत्याल,” ती म्हणाली. “मी सांगून ठेवलंय पोराला. रस्ता हुईस्तोर मला उचलायचं न्हाई.”

सर खाली बघत होते. आईनं हे त्यांना आधी सांगितलेलं असणार, पण चारचौघांत ऐकणं वेगळं. स्टाफरूममध्ये माझी थट्टा करणारा हा माणूस रोज काय मनात घेऊन झोपत-उठत होता, ते मला त्या क्षणी कळलं. मी माईक बंद करून बाजूला ठेवला.

सासरे उसाकडं बघत राहिले. तेवढ्यात सासूबाई बोलल्या. आवाज अगदी नेहमीचा.

“मग? चूल पेटवू का?”

सासऱ्यांनी बायकोकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना असा प्रश्न कधी विचारला नसावा. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “पेटव,” म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “पाहुनं, गाडीच्या डिकीत पकड हाय. आना. लई बोललात, आता जरा हात चालवा.”

मी पकड आणली. आयुष्यात पहिल्यांदा शेतात काम करायची संधी, तीही अशा ऐतिहासिक क्षणी. मी आवेशात पुढं झालो आणि पहिलीच तार कचकन कापली. तारेतून पाण्याची पिचकारी उडाली आणि सासऱ्यांच्या टोपीवर पडली. कुंपणाला बांधून नेलेली ठिबकची काळी नळी मी कापली होती.

“आरं देवा,” सासरे म्हणाले. “ह्यांच्यापरीस वस्तीचे लोक बरे. त्यांनी एक नळी तोडली न्हाई.”

सरांचा पुतण्या हसत हसत जोड घेऊन आला आणि नळी नीट केली. पोरांनी मला प्रेमानं बाजूला काढलं. तार सासऱ्यांनीच कापली. पोरांनी खांब उपटले, नळ्या उचलून एका बाजूला सरकवल्या, वाटेत आलेला ऊस कोयत्यानं तोडून बांधावर नीट रचला. सासरे मधे मधे ओरडत होते, “आरं, जुनी गाडीवाट एवडी रुंद नव्हती!” आणि पोरं म्हणत होती, “हुती तात्या, तुमीच म्हनायचात बैलगाडी जायची म्हनून.” घटकाभर ओरडाआरड झाली, पण हातघाईवर कुणी आलं नाही.

वाट नदीपर्यंत मोकळी झाली तेव्हा ऊन कलंडलं होतं. सासऱ्यांनी दोन्ही बाजूंना चुन्याची फक्की मारायला लावली, म्हणजे पुढच्या वर्षी उसाच्या लागणीच्या वेळी त्यांनाच विसर पडायला नको. हे ते स्वतःच म्हणाले.

म्हातारी खुर्चीतून उठली. “चला.”

“आई, कुठं?” सर म्हणाले. “डॉक्टरांनी चालायचं नाही सांगितलंय.”

“मेल्यावर न्हेशील तवा मला काय दिसनार हाय? आत्ताच बगती.”

एका बाजूनं सर, दुसऱ्या बाजूनं तिची सून. मागं सासूबाई आणि बायको, त्यामागं सगळी वस्ती. सासरेही आले. मी सर्वांत मागं, कारण पोटात अजून काहीच नव्हतं. ती दर थोड्या अंतरावर थांबायची, दम घ्यायची, उसाच्या पानाला हात लावायची आणि पुढं निघायची. कुणी घोषणा दिली नाही. द्यायची कुणाला, ज्याच्या विरोधात द्यायची तोच बरोबर चालत होता.

नदीकाठी पोचल्यावर ती एका दगडावर टेकली. प्रवरेला बऱ्यापैकी पाणी होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. म्हातारीनं सगळीकडं नजर फिरवली. मला वाटलं, आता डोळे पुसेल, काहीतरी बोलेल, मी मनात शब्द टिपून घ्यायची तयारी केली.

“ह्ये काय?” ती म्हणाली. “हितं तर सावलीच न्हाई. पत्र्याचं शेड न्हाई, बसायला कट्टा न्हाई. मानसं पोचवायला येत्यात, ती काय उनात उभी ऱ्हायची?”

“आई, एक मागणी आत्ता तर पुरी झाली,” सर म्हणाले.

“मग दुसरी कवा करायची? ग्रामपंचायतीला उद्या सांगायचं. तोंडानं दोनदा. मग बसायचं.” ती माझ्याकडं वळली. “जावई, तुमी याल ना परत? भाषन नको. नुसतं उपाशी बसा. तुमी उपाशी बसला की लई लवकर काम हुतंय.”

“त्याला धोंड्याचा महिना लागतो, मावशे,” सासरे म्हणाले. “एरवी ह्यांना कोन इचारतंय?”

“मग कवा येतो त्यो म्हैना परत?”

“तीन वर्सांनी.”

म्हातारीनं हात पुढं केला, सुनेला धरून उठली, लुगड्याची माती झटकली.

“थांबती की,” ती म्हणाली. “आता रस्ता हाय म्हनल्यावर घाई कसली?”